बाबांचे कान आणि दोन कार्बोरेटर

आमचं घर जबलपूरच्या सराफ्यात. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर एकाने थांबायचं. अशा गल्लीत बाबांची राजदूत ३५० सुरू झाली की कोणाला विचारावं लागत नाही. खालचे सोनारकाका दुकानातूनच सांगतात, "निघाले वाटतं."

तुमच्यातल्या तरुण मंडळींनी ही गाडी पाहिली नसेल. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने ती १९८३ मध्ये आपल्याकडे काढली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर. खरी गोम या दोनात आहे. जुन्या बुलेट काय, स्प्लेंडर काय, एका कार्बोरेटरवर चालायच्या. इथे दोघांनी सारखा श्वास घेतला तरच गाडी शांत उभी राहते.

दिवाळीनंतर ती स्लोला धरेना. सिग्नलला बंद पडायची, नाहीतर रेस सोडली तरी भणाणत राहायची. एका मेकॅनिकने स्लोचा स्क्रू पिळून आवाज वाढवून दिला. बंद पडणं थांबलं, दुखणं तसंच राहिलं.

पूर्वी बाबांनी हे नुसतं कानाने पंधरा मिनिटांत जुळवलं असतं. पण आता त्यांना कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र घेतलंय, ते कपाटात छान आराम करतंय! दोन रविवार खटपट करून ते म्हणाले, "विकून टाकू." नागपूरचं एक गिऱ्हाईक वर्षभर मागे लागलेलंच होतं.

मी बी.ए. इंग्रजी. पाना कसा धरायचा तेही माहीत नव्हतं. तरी म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगा, मी ऐकते."

त्यांचा पहिला धडा: कार्बोरेटरला शेवटी हात लावायचा. आधी दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवले. उजवा चॉकलेटी, डावा पांढरट. म्हणजे डाव्या बाजूला हवा जास्त जातेय. टू-स्ट्रोकमध्ये याकडे दुर्लक्ष केलं तर सिलिंडर तापून वेगात असतानाच पिस्टन जाम होतं. नुसता स्लोचा स्क्रू पिळणं किती महागात पडलं असतं, ते मला तेव्हा कळलं.

मग गाडी ढकलत मागच्या चौकात नेली, कारण खाली सोनारकाकांची ज्योत पेटलेली असते. इंजिन चालू ठेवून, ते तापायच्या आत, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरावर क्लीनरचा हलका फवारा मारला. उजवीकडे काही नाही. डावीकडे मारताच आवाज बदलला. "बदलला!" मी ओरडले. बाबांना माझं ओरडणंही नीट ऐकू आलं नाही, चेहरा मात्र वाचता आला. रबर वाकवून पाहिलं तर खालच्या बाजूला केसासारखी चीर.

नवं रबर यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात स्लोचा जेट साफ करायचा होता. मी टाचणी घेतली, तर सोनारकाकांनी हातावर चापटच मारली. "पोलादाने पितळाचं भोक मोठं होतं, बेटा." त्यांनी भिंगाखाली जेट धरला, तांब्याचा एक बारीक तंतू अलगद फिरवला, वर फुंकर मारली. नाजूक काम सोनाराच्या दाराशी असताना दुसरीकडे जायचंच कशाला?

रबर बसल्यावर खरी जुळवाजुळव. हवेचे दोन्ही स्क्रू हलकेच बंद करून दीड-दीड फेरा उघडले. इंजिन बंद ठेवून दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडात बोटं घातली. बाबांनी रेस ओढली की आतले दट्ट्ये एकाच क्षणी हलायला हवेत. डावा किंचित उशिरा हलत होता, तो केबलवर सुधारला. हीच केबल ऑइल पंपालाही जाते, म्हणून तिथली खूण पुन्हा पाहायची. हे विसरू नका, बाबांनी मला तीनदा सांगितलं.

शेवटी इंजिन चालू. हातभर पेट्रोलची नळी घेतली, एक टोक माझ्या कानाशी, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांजवळ. सुसू आवाज येतो. कुठे जोर जास्त, ते मी बोटाने दाखवायचे. बाबा मागे उकिडवे बसून दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळवे धरून होते. दोन्ही तळव्यांवर धुराचे ठोके सारखे पडेपर्यंत मला हलवू देईनात. पाव फेरा इकडे, जरा तिकडे. काटा बाराशेच्या आसपास येऊन थांबला आणि तिथेच राहिला. बाबांचे तळवे काळे झाले होते. आईने साबण आणून दिला, पण त्यांनी बराच वेळ हात धुतले नाहीत.

संध्याकाळी नागपूरवाल्याचा फोन आला. बाबा दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाले, मग "काही ऐकू येत नाही" म्हणून ठेवून दिला. मला मात्र तिकडचा प्रत्येक शब्द खोलीभर ऐकू येत होता.