तंबाखू ‘वर’ दिली!

मुलांनो, इंग्रजी शिकताना तुमची कधी फजिती झालीय का? आमच्या सातवीच्या वर्गात एकदा झाली. पण खरी फजिती झाली ती बाईंची, म्हणजे माझी! तीच गोष्ट आज सांगते.

मी फळ्यावर वाक्य लिहिलं होतं, ‘माय अंकल गेव्ह अप टोबॅको.’ खिडकीशी बसणाऱ्या एका मुलाला अर्थ विचारला. (नाव सांगत नाही, तो हा अंक वाचतो!) त्याने मनात जुळवाजुळव केली. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. मग उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, “माझ्या काकांनी तंबाखू वर दिली!”

अख्खा वर्ग खो खो हसला. आणि खरं सांगू? मीही हसले.

त्यानंतर आठ-दहा दिवस त्याने इंग्रजीच्या तासाला हात म्हणून वर केला नाही. वाचायला सांगितलं की मान खाली. शेवटी मधल्या सुट्टीत त्याला जवळ बोलावलं. तो पुटपुटला, “बाई, मला इंग्रजी नाही जमणार. मी सोडलं.”

माझ्या काळजात चर्र झालं. मी स्वतः पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवली. डी.एड.ला असतानाही असले शब्द मला हमखास दगा देत. त्या मुलाने तर दोन्ही शब्दांचे अर्थ बरोबर सांगितले होते! पण इंग्रजीत क्रियापदाला अप, ऑफ, आउट अशी शेपटी जोडली की पुष्कळदा दोघं मिळून तिसराच अर्थ होतो. हे आधी सांगायचं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, “त्या दिवशी मी हसले, ते चुकलं माझं.” मग फळ्यावर लिहिलं, ‘लागणे’. “सांगा बरं अर्थ!” उत्तरांचा पाऊस पडला. भूक लागते, ठेच लागते, झाडाला आंबे लागतात, शाळेला सुट्टी लागते, आजीचा डोळा लागतो. मी म्हटलं, “एखाद्या इंग्रज मुलाला हे शिकवलं तर त्याचीही तारांबळ उडेल की नाही?” वर्ग पुन्हा हसला, आणि या वेळी तोही हसला.

मग आम्ही ‘गिव्ह अप’ची झडती घेतली. सवय असेल तर सोडून देणे. प्रयत्न असतील तर हार मानणे. कोडं सुटेना की आपण ‘हरलो बुवा’ म्हणतो, तिथे इंग्लंडमधली मुलं ‘आय गिव्ह अप’ म्हणतात. बसमधली जागा असेल तर दुसऱ्याला देणे. चोर आपणहून पोलिसांच्या स्वाधीन झाला, तर ‘ही गेव्ह हिमसेल्फ अप’. 1936 साली इंग्लंडचे राजे आठवे एडवर्ड यांनी लग्नासाठी गादी सोडली, तेही ‘गेव्ह अप द थ्रोन’च.

दोन खुणा वहीत लिहून ठेवा. पुढे क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लावायचं. ‘गिव्ह अप ट्राइंग’ म्हणायचं, ‘टु ट्राय’ नाही. आणि ‘इट’ आला की तो मधोमध बसतो, ‘गिव्ह इट अप’. 2015 साली केंद्र सरकारने याच नावाची मोहीम काढली होती. ज्यांना परवडतं त्यांनी गॅस सिलिंडरचं अनुदान आपणहून सोडावं, असं आवाहन होतं.

शेवटी मी म्हटलं, “शब्द तोच, पण काय सोडलं ते बघायचं. तंबाखू सोडली तर शाबासकी. प्रयत्न सोडले तर नुकसान.” तो काही बोलला नाही.

सोमवारी सकाळी मात्र धापा टाकत आला. “बाई, मी गिव्ह अप केलं!”

माझा चेहराच पडला. “काय रे, इंग्रजी?”

“नाही हो बाई! एसटीतली जागा! एक आजी उभ्या होत्या.” आणि अडखळत अडखळत पुढे म्हणाला, “आय... गेव्ह अप... माय सीट.”

या वेळी कुणी हसलं नाही. टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

मग काय दोस्तांनो, तुम्ही काय ‘गिव्ह अप’ करणार? आणि काय मुळीच नाही?