शब्दांची कैफियत

इस्राएलचा राजकीय इतिहास वाचण्यासाठी हिब्रू शब्द शिकू लागलेल्या माणसाने घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. कारण 1881 साली यरुशलेमात येऊन राहिलेल्या एलिएझेर बेन-येहुदांनी आणि त्यांच्या समानधर्मी विद्वानांनी ग्रंथांत व प्रार्थनेत नांदणारी ही भाषा घरात, बाजारात आणि कचेरीत पुन्हा बोलती केली, तेव्हा राज्यकारभाराचे कितीतरी शब्द प्राचीन ग्रंथांतूनच उचलले गेले, आणि त्यांच्या जुन्या अर्थांचे दप्तर त्यांच्याबरोबर आले. आज सार्वभौम राज्याचा वाचक असलेला ‘मेदिना’ हा शब्द बायबलातील एस्तेरच्या ग्रंथात पारसिक सम्राटाच्या 127 सुभ्यांना लावलेला आहे. आणि इस्राएलच्या ‘क्नेसेत’ या संसदेचे नाव, तसेच तिच्या सभासदांची 120 ही संख्याही, ज्यू परंपरेने स्मरणात जपलेल्या प्राचीन महासभेची आहे.

14 मे 1948 रोजी तेल अवीव येथे ज्यू नेते बेन-गुरियन यांनी वाचलेल्या इस्राएलच्या स्वातंत्र्यघोषणेच्या मसुद्यात ईश्वराचे नाव असावे असा धर्मनिष्ठांचा आग्रह होता व ते मुळीच नसावे असा डाव्या पक्षातील काहींचा. तेव्हा श्रद्धावंताला ज्यात परमेश्वर दिसावा आणि इतरांना राष्ट्राचे सामर्थ्य, असे ‘त्सूर इस्राएल’, म्हणजे इस्राएलचा खडक, हे बायबलातील पद स्वीकारून तडजोड झाली. हा तंटा ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या पदाचा अर्थ कळूनही त्याचे प्रयोजन कळत नाही.

काही शब्दांत तर निवाडाच झालेला असतो. इस्राएलात वस्तीला येणे म्हणजे ‘अलिया’, आरोहण, आणि तो सोडून जाणे म्हणजे ‘येरिदा’, अवरोहण. आपल्या कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांचे देशांतरही त्या भाषेत आरोहणच ठरते. 1948 च्या ज्या युद्धाला हिब्रू ग्रंथ स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात, त्याच्याशी निगडित असलेल्या स्वतःच्या विस्थापनाला आणि सर्वनाशाला पॅलेस्टिनी अरब ‘नकबा’, म्हणजे घोर आपत्ती, म्हणतात. आणि एकाच वर्षाच्या या दोन्ही कैफियती ऐकल्यावाचून इतिहासाच्या अभ्यासकाने लेखणी उचलू नये.

शब्द पाठ करणे हे स्मरणशक्तीचे काम आहे खरे. परंतु त्या शब्दाने कोणाची बाजू आधीच मान्य केली आहे, हे ओळखून मग दस्तऐवज वाचणे, हे न्यायबुद्धीचे काम आहे, आणि परभाषेच्या अभ्यासाने माणसाला याहून मोठे काही द्यावे, अशी माझी अपेक्षा नाही.