आवाजाला उत्तर देऊ नये

पाणकणसात फ्रॉग, म्हणजे बेडकाच्या आकाराचं खोटं आमिष, टाकणाऱ्याचं मनगट उतरणीला लागलं की एक गोष्ट कबूल करावी लागते: ज्याला आजवर झटक्याचं कसब म्हणत आलो, त्यातलं बरंचसं नुसतं बळ होतं. अंगात बळ असलं की चुकलेली वेळ झाकली जाते. अर्धवट तोंडात गेलेला गळही जोरानं ओढला तर ओठाच्या कडेला कुठेतरी रुततो आणि माणसाला वाटतं, जमलं. बळ ओसरलं की तीच चूक उघडी पडते. शेवाळ फुटतं, पाणी उसळतं आणि फ्रॉग रिकामाच उडून आपल्या टोपीकडे येतो. मला इथे तेवढ्याच क्षणाबद्दल लिहायचं आहे: मरळानं फटका मारल्यापासून आपण रॉड उचलेपर्यंतचा. रंग कोणता, कंपनी कुठली, सकाळ बरी की संध्याकाळ, यावर चहाच्या टपरीवर पुष्कळ बोलून झालं आहे.

या विद्येची पोथी अमेरिकेत बास माशासाठी लिहिली गेली. 1949 मध्ये ओहायोत निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ ओतलं. पुढे त्याच्या अंगात गळाचं टोक लपवून गवतातून ओढायची रीत टेक्सासच्या नावानं जगभर गेली. आपल्याकडे ती पोथी जशीच्या तशी वाचली जाते, आणि घोळ तिथेच सुरू होतो. आपल्या तलावांत बास नाही, मरळ आहे. बास गवताच्या छताखाली सावलीत दबा धरून बसतो, म्हणून तिकडे जड जिगनं, म्हणजे वजन जडवलेल्या गळानं, छत भोसकून खाली उतरतात. मरळाचं कल्ल्यांवर भागत नाही. डोक्यात, कल्ल्यांच्या वर त्याला हवेचा कप्पा असतो आणि मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतल्याशिवाय तो जगत नाही. भरपूर पाण्यातही त्याला वर येऊ दिलं नाही तर तो गुदमरून मरतो. मराठवाड्यातले पाझर तलाव, त्यातले कितीतरी 1972च्या दुष्काळी कामांवर खणलेले, काठाला बेशरम, आत पाणकणीस आणि वर शेवाळाची गोधडी, हे त्याचं घर. नाथसागर धरणाच्या फुगवट्यातही असं पाणी भरपूर, पण ते 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथली गोधडी पाणपक्ष्यांची. आपली शाळा पाझर तलावावरच, तीही तलावाचा ठेका असलेल्या संस्थेला विचारून. तर मरळ वरच्या वितीभर पाण्याशी बांधलेला आहे, म्हणून इथे जिगपेक्षा फ्रॉग खरा. आणि फ्रॉग आला की अडचणही आली.

नवा फ्रॉग चिमटीत धरून पाहा. पोकळ, मऊ अंग. पोटातून निघालेला दुहेरी गळ पाठीला घट्ट चिकटलेला, दोन्ही टोकं वर, पण अंगाच्या आड. त्यावरून बोट फिरवलं तर टोचत नाही. म्हणूनच तो बेशरमाच्या काड्यांवरून, कमळाच्या पानावरून काही न पकडता सरकतो. आता अंगठा आणि तर्जनीनं अंग दाबा. हवा फुस्सकन निघते, पोट बसतं आणि टोकं उघडी पडतात. सोडलं की पुन्हा झाकली जातात. सगळी गोम या दाबण्यात आहे. जे गवताला टोक दिसू देत नाही, ते माशाच्या जबड्यालाही दिसू देत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी ही वस्तू आहे. टोक उघडं ठेवावं तर दर फेकीला पावशेर शेवाळ ओढून आणायचं. लपवावं तर मासा फटका मारून निघून जातो. जिगच्या तोंडाशी राठ केसांचा झुपका असतो, त्याचंही गणित हेच. कारखानदार हा तिढा अर्धाच सोडवू शकतो. उरलेला अर्धा हातानं सोडवायचा असतो, आणि तो थांबून सुटतो, ओढून नाही.

कारण फटका म्हणजे चावा नव्हे. गोधडीच्या खालून मरळाला फ्रॉग नीट दिसत नाही. त्याला वर हलणारी सावली कळते, पाण्यातली थरथर अंगाच्या कडेनं कळते, आणि त्या अंदाजावर तो खालून धडक देतो. त्या धडकेत फ्रॉगबरोबर ओंजळभर शेवाळही त्याच्या तोंडात जातं. कित्येकदा फ्रॉग तोंडात न जाता वर उडतो आणि शेजारी पडतो. आवाज मात्र दोन्ही वेळा सारखाच, काठावरच्या माणसाचं काळीज तोंडाशी आणणारा. डोळे आणि कान सांगतात, आला. दोरी अजून काहीच सांगत नसते, कारण ती शेवाळावर सैल पडलेली आहे. या क्षणी मारलेल्या झटक्याचा पहिला हातभर जोर सैल दोरी गोळा करण्यात जातो आणि उरलेला न दाबलेल्या फ्रॉगवर. नायलॉनच्या जागी न ताणणारी विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड, आली त्यानं जोर पोचू लागला, हे खरं. पण चुकीची वेळही तितक्याच इमानानं पोचू लागली. म्हणून नियम एकच धरावा: आवाजाला उत्तर देऊ नये, वजनाला द्यावं. रॉडचं टोक खाली, दोन वळशात सैल दोरी गोळा, आणि दोरीत जिवंत जडपणा आला की मगच वर. मरळाचा जबडा हाडाचा आहे. तिथे गळ रुतवायला जोर लागतोच. पण तो दाबलेल्या फ्रॉगवर लागला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा की मरळ खोटं आमिष लगेच थुंकतो, थांबलात तर हात चोळत बसाल. कडक प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या आमिषाबद्दल हे बरोबर आहे. मऊ, पोकळ अंग तोंडात बेडकासारखंच दबतं आणि आपल्याला हवी तेवढी सवड मिळते, दोन आकडे मोजण्याइतकी, दहा नव्हे. दुसरा आक्षेप सोयीचा: मागे एक उघडा तिकडी गळ लोंबता ठेवा, म्हणजे थांबायलाच नको. मासे वाढतात, नाकारत नाही. पण तो गळ डोळ्यात, कल्ल्यात, पोटाला बाहेरून कुठेही रुततो, आणि दाट गवतात एक टोक माशात, दुसरं पाणकणसाच्या मुळात अशी गत होते. मग दोरी तुटते आणि मासा तिथेच बांधलेला राहतो. तिसरं म्हणणं जुन्या लोकांचं: खरी बेडकी लावा, मरळ गिळेलच. गिळेल, गळ पोटात जाईल आणि मासा सोडायचा म्हटलं तरी सोडता येणार नाही. शिवाय बेडकांच्या तंगड्यांची निर्यात आपण 1987 मध्ये बंद केली ती शेतातले बेडूक संपत चालले म्हणून. छंदासाठी त्यांची बरणी भरून नेण्याचं समर्थन मला सुचत नाही.

सर्वात जड आक्षेप शेवटचा. पुष्कळजण शपथेवर सांगतात की ते फटका पडताच झटका मारतात आणि त्यांचा मासा चुकत नाही. ते खोटं बोलत नाहीत. पण त्यांच्या माशांचा महिना विचारा. बहुतेक उत्तरं पावसाळ्यातली निघतील. त्या दिवसांत मरळ उथळ पाण्यात गवत बाजूला सारून मोकळी जागा करतो, आणि पिल्लांचा लालसर थवा हवेसाठी वर आला की नर-मादी त्याच्या खालीच राखण करत असतात. त्या थव्यावर पडलेला फ्रॉग त्यांना स्वच्छ दिसतो. ते खायला येत नाहीत, वैऱ्याला चिरडायला येतात. पहिल्याच झेपेत फ्रॉग पुरता दाबला जातो. तिथे झटपट झटका चालतो, कारण दिसण्याचा आणि दाबण्याचा दोन्ही प्रश्न माशानंच सोडवलेले असतात. तो पुरावा ऑक्टोबरातल्या गच्च शेवाळाला लावता येत नाही. आईबापाच्या रागावर मिळवलेलं यश म्हणजे हाताचं कसब नव्हे.

मोबाइलवरच्या चित्रफितींनी ही गल्लत वाढवली, कारण पाणी फुटणं कॅमेऱ्यात येतं, थांबणं येत नाही. पण सगळा दोष तरुणांवर टाकणं सोपं आहे. आम्हा जुन्या गळवाल्यांचं तरी दुसरं काय होतं? मला मासा हवा असतो असं मी म्हणतो. खरं तर मला तो फुटणारा आवाज हवा असतो आणि तो कोणीतरी ऐकलेला हवा असतो. चुकलेले फटकेसुद्धा आम्ही मासे असल्यासारखे मोजतो. गळाची विद्या या भूमीला नवी नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं बाराव्या शतकातच ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाला जागा दिली, कोणत्या माशाला काय खायला घालावं इथपर्यंत. तो राजाचा विनोद होता, पोटाचा धंदा नव्हता, आणि आमचाही तसाच आहे. भोई मंडळी उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या चिखलात नुसत्या तळव्यानं मरळ ओळखतात. आम्ही त्यांच्यापुढे हजारांचे रॉड मिरवतो आणि हाताला वजन कळण्याआधी कानाचं ऐकतो. कमीपणा कोणाकडे, हे उघड आहे.

तेव्हा मनगट थकलं म्हणून रॉड टांगून ठेवायची गरज नाही. सैल दोरी गोळा करायला म्हातारा हात पुरतो. आणि मृग लागल्यावर शेवाळात पिल्लांचा लाल थवा वर येताना दिसला, तर फ्रॉग डबीतच राहू द्या. तो फटका हमखास पडेल, पण तो तुमच्यासाठी नसेल.