शनिवार पेठेतून धावपट्टीकडे

पुण्याच्या शनिवार पेठेत पहाट नदीच्या बाजूने येते. मुठेच्या काठी ओंकारेश्वराची घंटा वाजते, दूधवाल्यांच्या सायकली बोळांतून फिरू लागतात आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा धूसर उजेडात उभा असतो. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला. तट आणि दरवाजे तेवढे राहिले. याच पेठेतील एका जैन व्यापारी कुटुंबातील कन्या या वेळी जिना उतरते. तिचे गंतव्य सुमारे शंभर किलोमीटरवरील बारामतीची धावपट्टी होय. तेथे ती विमान चालविण्यास शिकविते.

हडपसर ओलांडताना ग्लायडिंग केंद्राचे मैदान लागते. पुण्यातील कित्येकांनी इंजिनाविना उडणारे विमान प्रथम येथेच पाहिले. पुढे दिवेघाट, सासवड, जेजुरी, मोरगाव आणि मग उसाचे मळे. लोहगावचा विमानतळ घराजवळ असला तरी तो हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमानांची तेथे वर्दळ असते. नवशिक्यांना मोकळे आकाश हवे, आणि ते बारामतीला मिळते.

या व्यवसायाची पुंजी म्हणजे तास. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्यासाठी घरची रक्कम अर्ध्या कोटीच्या घरात जाते. विमान कंपनीत कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्याला १५०० तास हवेत. अमेरिकेत तर २०१३ पासून प्रवासी विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही साधारणतः इतकेच तास लागतात. त्यामुळे तेथील बहुसंख्य तरुण आधी प्रशिक्षक होतात. शिकविताना विमानाची जबाबदारी प्रशिक्षकाची असते, म्हणून तो वेळ त्याच्याही नोंदवहीत जमा होतो. खर्च न करता तास वाढतात, वर वेतनही मिळते.

२०० पासून १५०० पर्यंतचे अंतर १३०० तासांचे. महिन्याला ५० तास धरले तरी सव्वीस महिने. परंतु पावसाळ्यात ढग खाली उतरतात, दृश्यमानता घटते आणि दिवसेंदिवस विमाने जमिनीवरच राहतात. वैशाखात दुपारची तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते. मग सकाळ आणि सायंकाळच हाती उरते. धावपट्टीभोवती फेऱ्या घेत चढण्या-उतरण्याचा एक पाठ साधारण एका सामायिकाइतका, म्हणजे ४८ मिनिटांच्या आसपास चालतो. त्या मापाने १३०० तास म्हणजे १६२५ सामायिके. घरातील आजोबांनी हा हिशेब पाटीवर मांडून पाहिला होता. संख्या पाहून ते घाबरले नाहीत. ‘रोज एक बसले की होतात,’ एवढेच म्हणाले.

या भूमीला विमानाचे वेड नवे नाही. बारामतीच्या पुढे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. ते वसविणारे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद आपल्याच समाजातले. १९४० मध्ये त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना उभारला. तो पुढे सरकारकडे गेला, आणि त्याच कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे विमान तयार झाले. १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. ते युद्धासाठी नव्हे, शिकविण्यासाठी घडविलेले विमान होते.

मात्र तासांच्या या व्यापारात एक अवघड वळण आहे. विद्यार्थी डाव्या आसनावर बसतो, प्रशिक्षक उजव्या. विद्यार्थी एकट्याने उडण्यास योग्य झाला, की प्रशिक्षकाने खाली उतरावयाचे असते. त्या एकल उड्डाणाचे तास विद्यार्थ्याचे. प्रशिक्षकाच्या वहीत शून्य. त्याला आणखी चार दिवस शेजारी बसवून घेतले, तर प्रशिक्षकाचे तास वाढतात आणि विद्यार्थ्याचे पैसे जातात. उलट, त्याला घाईने सोडले तर प्राणाशी गाठ. दोन्हींच्या मधला योग्य क्षण ओळखणे हीच विद्या.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ सांगितले आहे: घेताना एक माप, देताना दुसरे. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे, म्हणजे खोटा लेख. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्यांसाठी सांगितलेले हे नियम नोंदवहीलाही तंतोतंत लागू पडतात. विमान जागचे हलल्यापासून पुन्हा स्थिर होईपर्यंतचा वेळ तेवढाच लिहावयाचा. एक मिनिट अधिक नाही.

मार्गशीर्षातील एका सकाळी तिने आपल्या विद्यार्थ्याची शिफारस केली. मुख्य प्रशिक्षकांनी एक फेरी घेऊन पारख केली आणि होकार दिला. उजवे आसन रिकामे ठेवून विमान धावपट्टीवर गेले, उचलले, डावीकडे वळले. ती गवताच्या कडेला उभी राहून पाहत होती. स्वतः उडताना कधी वाटली नव्हती ती भीती तेव्हा वाटली. काही मिनिटांत चाके हलकेच जमिनीला टेकली, आणि तिने श्वास सोडला.

सायंकाळी ती पेठेत परतली तेव्हा सूर्य मावळावयाचा होता. चौविहारापूर्वीचे ताट वाढलेले होते. आजोबांनी नेहमीप्रमाणे विचारले, ‘बेटा, आज वहीत किती?’

‘आज काही नाही, आजोबा. त्याला एकट्याला सोडले.’

‘नीट उतरला?’

‘नीट उतरला.’

‘मग माप बरोबर दिलेस,’ ते म्हणाले, आणि ताट पुढे सरकविले.