पकडल्यानंतर

२०२५च्या मे महिन्यात मी आठ दिवस गावी होतो. गाव हिवरे बाजार. नोकरी पुण्यात, आयटीत. गावाचं नाव सांगितलं की लोक लगेच पाणी, पोपटराव पवार, आदर्श गाव यांवर येतात. त्या आठवड्यात मात्र गावात पाण्याचा विषय कुणीच काढत नव्हतं. २२ एप्रिलला पहलगाम झालं होतं आणि ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर. माझा चुलतभाऊ फौजेत आहे. त्याचा फोन दोन दिवस लागत नव्हता. काकू टीव्हीसमोरून उठत नव्हती आणि टीव्ही जे काही दाखवत होता त्यातलं निम्मं दुसऱ्या दिवशी खोटं निघत होतं.

त्या रात्री मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'दहशतवादी पकडला की कसला वकील आणि कसलं कोर्ट? तिथंच संपवायचा.' तेवीस लाइक आले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

१० मेला शस्त्रसंधी झाली. दोन-तीन दिवसांनी भावाचा फोन आला. खुशाली झाल्यावर तो म्हणाला, "दादा, तुझा मेसेज वाचला. अभिनंदनला पकडलं तेव्हा तू काय लिहिलं होतंस, आठवतं का?"

आठवत होतं. २७ फेब्रुवारी २०१९ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हातात सापडले, तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. हॉस्टेलवर आम्ही सगळे एका रात्रीत जिनिव्हा कराराचे तज्ज्ञ झालो होतो. युद्धकैद्याला मारहाण करता येत नाही, त्याचा तमाशा करता येत नाही, हे मीच स्टेटसला ठेवलं होतं. १ मार्चला ते परत आले.

"ते सैनिक होते, गणवेशात होते," मी म्हणालो. "अतिरेक्याचं वेगळं."

"वेगळं आहेच," तो म्हणाला. "पण अतिरेकी कोण, हे ठरवायचं कुणी? आम्ही समोरून गोळी आली की गोळी घालतो. तिथं विचारायला वेळ नसतो. पकडलेला माणूस वेगळा. त्याचे हात बांधलेले असतात आणि आपल्याकडं वेळ असतो."

फोन ठेवला तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

जुलैत पुन्हा गावी आलो तेव्हा वडिलांना घेऊन नगरच्या किल्ल्यात गेलो. इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ऑगस्ट १९४२मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव अशा बारा जणांना इथं आणून ठेवलं. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथं लिहिलं गेलं, हे शाळेत पाठ केलं होतं. पण हे लोक कोणत्या गुन्ह्यासाठी आत होते, हे कधी विचारलंच नव्हतं. उत्तर असं की, कोणत्याच नाही. त्यांच्यावर खटलाच चालला नाही. महायुद्ध सुरू होतं, जपान ब्रह्मदेशापर्यंत आला होता आणि भारत संरक्षण नियमांखाली सरकारला वाटलं तर कुणालाही आत ठेवता येत होतं. १९४३मध्ये सरकारनं काँग्रेसवर दंगलींचे आरोप करणारी पुस्तिकासुद्धा छापली. आरोप छापले, पण कोर्टासमोर ठेवले नाहीत. त्याच वर्षी आझादांची पत्नी कलकत्त्यात वारली. ते इथंच होते.

परत आल्यावर वाचत बसलो आणि केशव तळपदे हे नाव सापडलं. मुंबई सरकारनं त्यांना याच नियमांतल्या २६व्या नियमाखाली डांबलं होतं. ते फेडरल कोर्टात गेले. मूळ कायद्यात अट होती 'वाजवी संशय' असण्याची. नियम लिहिताना ती गळाली आणि फक्त 'सरकारची खात्री' उरली. माझ्या भाषेत सांगायचं तर व्हॅलिडेशनची ओळच काढून टाकली होती. एप्रिल १९४३मध्ये, ऐन युद्धात, सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टानं तो नियम बेकायदा ठरवला. सरकारनं काही दिवसांत वटहुकूम काढून मूळ कायदाच मागच्या तारखेपासून बदलला.

किल्ल्यातल्या नेत्यांची आणि अतिरेक्यांची बरोबरी मी करत नाही. मुद्दा एवढाच की, तेव्हाच्या सरकारची खात्री आमच्या ग्रुपइतकीच पक्की होती.

स्वतंत्र भारतात हे संपलं असंही नाही. २८ एप्रिल १९७६ला, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं की, स्थानबद्ध माणूस सुटकेसाठी कोर्टाकडं दादच मागू शकत नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. त्यानंतर ४४वी घटनादुरुस्ती झाली. आता युद्ध असो वा आणीबाणी, जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारं कलम २१ स्थगित करता येत नाही.

मग कसाब. त्याच्यावर तर भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचाच गुन्हा होता. वकील द्यायची वेळ आली तेव्हा मुंबईत दगडफेक झाली, तरी त्याला वकील दिला गेला. आर्थर रोड तुरुंगात खटला चालला, अपिलं झाली, २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात फाशी झाली. मला दोन गोष्टी माहीत नव्हत्या. एक, त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. दुसरी, कसाबच्याच निकालात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की, अटक झालेल्या कुणालाही पहिल्यांदा समोर आणलं की, तुला वकिलाचा हक्क आहे आणि पैसे नसतील तर सरकार देईल, हे मॅजिस्ट्रेटनं सांगितलंच पाहिजे. उद्या आमच्या तालुक्यात कुणा शेतकऱ्याला चुकून उचललं, तर त्यालाही ही ओळ उपयोगी पडेल.

हे सगळं वाचत असतानाच, २१ जुलैला, ७/११चा निकाल आला. २००६मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८०हून जास्त माणसं गेली. खालच्या कोर्टानं बारा जणांना दोषी ठरवलं होतं, त्यात पाच जणांना फाशी. उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक २०२१मध्येच तुरुंगात वारला होता. सर्वोच्च न्यायालयानं तीन दिवसांत सांगितलं की, या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत द्यायचा नाही, पण सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही. खटला मकोकाखाली होता. एरवी पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. मकोकात वरिष्ठ अधिकाऱ्यानं नोंदवलेला चालतो. उच्च न्यायालयाला ते कबुलीजबाब विश्वासार्ह वाटले नाहीत.

कबुलीजबाब या शब्दापाशी मी थांबलो, कारण एक मीही दिला आहे. आधीच्या कंपनीत एका रात्री प्रॉडक्शन कोसळलं. शेवटचा बदल माझ्या लॉगिनवरून होता. मला एसी खोलीत बसवलं, चहा दिला आणि तासभर एकच विचारलं, "तूच केलंस ना? मान्य कर, विषय संपव." मी तसं काही केलेलं नव्हतं. तरी पहाटे तीनला मी मेल लिहिला, 'माझी चूक झाली.' तिकीट बंद झालं. दोन महिन्यांनी तेच सर्व्हर तसंच कोसळलं, कारण खरी चूक दुसरीकडंच होती आणि ती कुणी शोधलीच नव्हती.

मला कुणी हात लावला नव्हता. घरी जाता येत होतं. तरी तासात मोडलो.

आणि लोकलमध्ये ज्यांची माणसं गेली, त्यांना एकोणीस वर्षांनी काय मिळालं? हे पकडलेले नव्हते, तर मग कोण होते? आरोपीचे हक्क म्हणजे पीडितांवर अन्याय, असं मी समजत होतो. खरं तर चुकीच्या माणसावर तिकीट बंद झालं की पहिला तोटा त्यांचाच होतो.

रात्री वडिलांना हे सांगत होतो. ते म्हणाले, "आपल्याकडं ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पाऊस पडला, किती मुरला, मग कोणतं पीक घ्यायचं. दुष्काळ पडला म्हणून मोजायचं बंद केलं का कधी?"

"नाही."

"उलट दुष्काळातच नीट मोजावं लागतं. पावसाच्या वर्षी चुकलं तरी भागतं."

तो मेचा मेसेज डिलीट करता येत नव्हता, वेळ उलटून गेली होती. मी त्यालाच रिप्लाय केला, 'हे मी रागात लिहिलं होतं. पकडलेल्याला वकील आणि कोर्ट मिळालंच पाहिजे. दोषी ठरला तर होऊ दे शिक्षा.' तेवीस सोडा, दोनच लाइक आले. एक भावाचा. दुसरा काकूचा.