पाठवलेली बाई

बार्शीत हडळीला राहायला जागेची टंचाई कधीच नव्हती. तालुक्यात बांधाबांधावर चिंचा, आणि सुगीला बाजारात चिंचेची पोती. फेब्रुवारी-मार्चात चिंच फोडायचं काम घरोघर यायचं. बायका ओसरीत बसून टरफल काढायच्या, शिरा ओढायच्या, चिंचोका वेगळा करायच्या, मजुरी किलोवर. चिंचोकाही वाया जात नसे. त्याच्या पिठाची खळ सुताला लागते, आणि गावात तेव्हा कापडगिरण्यांचे भोंगे वाजत होते. ज्या झाडाखालून तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून जायचं नाही असं आजी बजावायची, त्याच झाडावर गल्लीतल्या कितीतरी चुली पेटायच्या. हे कुणाला विचित्र वाटत नसे. हडळ झाडावर, चिंच पोत्यात. दोन्हींचा हिशेब वेगळा.

आजीच्या हडळीचे पाय उलटे होते. ती बाळंतपणात गेलेली बाई असायची, नेहमीच. ती का गेली, सुईण कधी बोलावली, दवाखान्यात न्यायला बैलगाडी कुणी दिली नाही, हे गोष्टीत येत नसे. गोष्ट सुरूच व्हायची ती तिच्या मरणानंतर.

लातूरची आत्या यायची ती भानामती घेऊन. यायची बार्शी लाइटनं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांवर १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू केलेली ही गाडी पुढे १९११ मध्ये लातूरला पोचली, आणि तिचा वेग असा की लातूर सोडताना सुरू केलेली भुताची गोष्ट बार्शी येईपर्यंत पुरवून पुरवून सांगता यावी. पत्र्यावर दगड पडतात. दोरीवरची लुगडी आपोआप पेटतात. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. बायका कुत्र्यासारख्या भुंकायला लागतात. आणि हे सगळं केलंय कुणी, तर भावकीतल्या एका विधवेनं. आत्याच्या गोष्टीत दगड बदलायचे, गाव बदलायचं, ही विधवा बदलत नसे. पुढे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांचा छडा लावला, तेव्हा दगड मारणारा हात बहुधा घरातलाच निघाला, आणि पुष्कळदा तो तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणाऱ्या एखाद्या सुनेचा. आत्याला मी हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘आसंल. पण मग सांगायला काय ऱ्हातंय?’’

आमच्या गल्लीतही एक होती. नवरा गेलेला, मूल वाचलेलं नाही. बारशाला तिला बोलावत नसत, तान्ह्या पोराला घेऊन कुणी तिच्या दारावरून जात नसे. मारहाण नाही, वाळीत टाकणं नाही, नुसतं तोंड फिरवणं. ती मात्र पक्की होती. अंगणात वाळत घातलेल्या चिंचेला राखण लागत नाही, असं हसत सांगायची.

या सगळ्यांवर ताण करणारी गोष्ट मात्र भगवंताच्या देवळात ऐकली. बार्शीचं हे देऊळ १२४५ मधलं सांगतात, आणि इथला भगवंत उभा राहिला तो राजा अंबरीषासाठी. एकादशीचा उपास द्वादशीला सोडायचा, दुर्वास ऋषी स्नानाला जाऊन बसलेले, मुहूर्त टळत चाललेला. राजा नुसतं पाणी पितो. एवढ्यावर ऋषी खवळतात, जटा उपटतात, आणि तिच्यातून कृत्या उभी राहते: हातात शस्त्र, अंगाची आग, राजाला मारायला निघालेली. विष्णूचं सुदर्शन तिला जागच्या जागी जाळतं आणि दुर्वासांच्या मागे लागतं.

कीर्तनकाराचा सगळा रंग इथून पुढे भरायचा. दुर्वास पळतायत, ब्रह्मदेवाकडे, कैलासावर, वैकुंठात, आणि शेवटी येऊन अंबरीषापुढे हात जोडतायत. राजा क्षमा करतो. सगळे टाळ्या वाजवतात. मी विचारलं होतं, आणि तिचं काय? आजी म्हणाली, ‘‘कुणाचं?’’

मला आजवर वाटत आलंय की जगातल्या चेटकिणींच्या गोष्टींची चावी आमच्या गावातल्या या गोष्टीत आहे. कृत्या आपणहून आलेली नाही. तिचं अंबरीषाशी काही वैर नाही. तिला कुणीतरी आपल्या रागापोटी तयार केलं आणि पाठवलं. ती क्षणात जळाली. पाठवणाऱ्याला तिन्ही लोक फिरायला सवड मिळाली आणि शेवटी माफीही.

कॉलेजात असताना धारपांनी झपाटलं. वाचनालयातल्या नारायण धारपांच्या पुस्तकांची पानं इतक्या हातांनी मऊ झालेली असायची की काही ठिकाणी नेमकं भीतीचं पानच गायब असे. त्यांची ‘चेटकीण’ मी रात्री वाचली आणि सकाळी दुसऱ्याला दिली. घरात ठेवायची हिंमत नव्हती. त्याच सुमारास कळलं की मुंबई-पुण्याची मुलं चेटकिणीला हसतात. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त ती दिलीप प्रभावळकरांनी केली होती, पुढे वैभव मांगले यांनी. बाप्या माणसानं लुगडं नेसून केलेली चेटकीण! भीती घालवायचा हा उत्तम उपाय आहे, मला मात्र तो कधी लागू पडला नाही. मला घाबरायचंच होतं.

धारपांची ‘आजी’ मात्र वेगळी. मूळ गोष्ट स्टीफन किंगची, १९८४ मधली: घरात एकटा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली चेटकीण आजी. धारपांनी ती मराठी घरात आणली आणि तिथून तिचा धागा राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये गेला, २०१८ मध्ये. त्या सिनेमातली साखळीला बांधलेली म्हातारी मी पाहिली तेव्हा आजूबाजूला लोक डोळे झाकत होते. मी बघत होते ते तिला जेवू घालणाऱ्या बाईकडे. वाड्यातला पुरुष खजिन्याच्या नादात, आणि म्हातारीचं जेवणखाण, तिचे दात, तिची झोप, हे सगळं बाईच्या वाट्याला. नंतर त्या म्हातारीच्या अंगातून झाड उगवलेलं दिसतं. माझी आजी असती तर म्हणाली असती, चिंचेचंच असणार.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) तर उसाच्या फडातच घडतो. आमच्या भागात तो पाहताना एसटीच्या खिडकीतून रोज दिसणारा ऊस आठवत राहतो. तिथं भूत बाईचं आणि पोरांचं आहे, पण गरोदर नायिकेनं घाबरावं असं जे काही आहे ते जिवंत आहे, घरात आहे, आणि मुलगाच हवा म्हणणारं आहे. मराठी भयकथा निदान इथवर आली की भुताला विचारते, तुला कुणी पाठवलं?

कायदाही तेच विचारतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला २० ऑगस्ट २०१३ ला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. अमक्या बाईनं करणी केली, ती मंत्रानं जनावराचं दूध आटवते, असं पसरवणं हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हणजे चक्र पहिल्यांदाच थेट दुर्वासांकडे वळलं. सातपुड्यात डाकीण ठरवलेल्या बायकांपर्यंत ते कितपत पोचतं, हा वेगळा आणि कडू विषय. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिलं. पहिला आळ आला त्या तिघींत एक भीक मागणारी, एक आजारी अंथरुणावरची आणि एक गुलाम. आत्याची विधवा तिथंही होतीच, इंग्रजी बोलणारी.

म्हणून भयकथा बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. खऱ्या बाईच्या हातात काही नसतं. गोष्टीतल्या हडळीच्या हातात निदान नखं तरी असतात. मला आता कृत्येनं सांगितलेली गोष्ट वाचायची आहे, आणि ती बार्शीतच घडायला हवी, आडत बाजारात, भर दुपारी, हमालांच्या आरडाओरड्यात. भाची मोबाइलवर भुताच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करते. तिला ही सुचवली. तिचं म्हणणं, आत्या, मार्केट यार्डात भूत आणलं तर लोक हसतील. हसू देत की. पहिला बळी काटा मारणाऱ्या आडत्याचा घे म्हटलं, सगळे गप बसून ऐकतील.