शाळा सोडल्याचा दाखला

दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. कोकणातल्या आमच्या शाळेत मी त्यात बहुतेक वेळा एकच उत्तर लिहितो – पालकांचे स्थलांतर.

सातवीला शहरीकरण शिकवताना कारणे फळ्यावर लिहितो. रोजगार, शिक्षण, दवाखाना. जगातली निम्म्याहून जास्त माणसं आता शहरांत राहतात, हेही सांगतो. मुलं निमूट वहीत उतरवतात. पण २००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली आणि आपल्या रत्नागिरीची मात्र घटली, हे सांगितल्यावर एकजण म्हणाला, "सर, म्हणजे आमचा काका त्यातच!"

काका नालासोपाऱ्याला एका खोलीत पाच माणसं राहतात. पाणी विकत. पहाटेची लोकल. गावचं घर गणपतीपुरतं उघडतं, विहीर भरलेली असते, शेत मात्र पडीक.

मग दुसऱ्याने विचारलं, "सर, तुम्ही का नाही राहत गावात?"

खरं तेच सांगितलं. मी तालुक्याला राहतो, मुलीच्या शाळेसाठी.

यंदा पट चौदा आहे. दोन पालक दाखला मागायला येऊन गेलेत. 'थांबा' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.